न उघडलेल्या दोन चिठ्ठ्या

सर, तुमच्या मातीला मी आले होते. शरणपूरच्या कब्रस्तानात अगदी मागे, भिंतीजवळ उभी होते. मूठभर माती टाकायची पाळी आली तेव्हा मी पुढे आले, वाकले, आणि माती न टाकताच परत फिरले. मार्थाकाकूंनी ते पाहिलं. काही बोलल्या नाहीत. तुमच्या घरात न बोलण्याची रीतच आहे.

मी रागावले होते, आणि अजूनही आहे. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. तेवढ्यात गावानं तुमच्याबद्दल चांगलं बोलायला सुरुवातही केली. एका पेपरात तुम्हाला 'ऋषितुल्य' म्हटलंय. तुम्ही असतात तर गालांवरून हात फिरवून म्हणाला असतात, "ऋषी? आणि दाढी कुठंय?" मला त्या चांगल्या बोलण्यात भर घालायची नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. भांडण जुनं आहे, नऊ वर्षांचं, आणि तुम्ही त्याच्या मधूनच उठून गेलात.

भांडण एवढंच. मी एकोणीस वर्षांची असताना एक खोटा लेख लिहिला. तो खोटा आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं. तुम्ही मला सांगितलं का नाहीत?

वाचणाऱ्यांना सगळं माहीत नसेल, म्हणून सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला ते आवडायचं नाही, मला ठाऊक आहे. "पत्रकवाल्या आल्या, आता प्रस्तावना ऐका," असं म्हणायचात.

माझे वडील, आप्पा, सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर वाटायची पत्रकं छापायचे. स्वतःचं जुनं ट्रेडल मशीन, शिशाचे खिळे, शाईनं काळी झालेली नखं. मी अक्षरं शिकले ती त्या खिळ्यांवरून, उलटी. तुम्ही आमच्या छापखान्यात पहिल्यांदा आलात ते चर्चच्या नाताळगीतांची पुस्तिका छापून घ्यायला. प्रूफ वाचायला बसलात आणि आमच्याच एका पत्रकात चुकलेली वेलांटी दाखवलीत. संपावर तुमचा विश्वास नव्हता, पण संपाच्या पत्रकातली चुकलेली वेलांटी तुम्हाला सहन होत नव्हती. आप्पांना तुम्ही तिथंच आवडलात. पुढे गेटवरच्या सभेनंतर आप्पांना पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवलं, तेव्हा तुम्ही डबा घेऊन आमच्या छापखान्याच्या पायरीवर दोन दिवस बसलात. एक शब्द बोलला नाहीत. फक्त पडलेली प्रूफं वाचून ठेवलीत. तेव्हा तुमचं न बोलणं मला केवढं मोठं वाटलं होतं!

आप्पांचा एक नियम होता. पत्रकात चूक गेली, तर पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापायची. जेवढ्या टायपात चूक, तेवढ्याच टायपात दुरुस्ती. ज्या पानावर चूक, त्याच पानावर. मालकाला शिवी चुकीची गेली असेल तरी. "बारीक टायपातली माफी म्हणजे दुसरी चूक," असं म्हणायचे. तो नियम तुम्हालाही पसंत होता. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रूफं द्यायला मी तुमच्या घरी यायची. एकदा खिडकीतून पियानो ऐकला. कॅसेटवर होता. मी बाहेरच उभी राहिले, संपेपर्यंत. तुम्ही दार उघडून म्हणालात, "आत या. बाहेर ऐकलं की अर्धंच ऐकू येतं."

ती रचना नऊ मिनिटांची होती. आपण तिला नाव घेऊन कधी बोलावलंच नाही, 'नऊ मिनिटं' म्हणायचो. दोनेकशे वर्षांपूर्वी जन्मलेला माणूस, त्याचा देश दुसऱ्यांच्या ताब्यात, तो स्वतः परक्या शहरात, आणि समोर एकटा पियानो. सुरुवातीला दोन्ही हात एकच ओळ वाजवतात, कुणी गोष्ट सांगण्याआधी घसा साफ करावा तशी. मग ती सुरावट येते. साधी, थोडी लंगडत चालणारी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी सुस्कारा टाकणारी. ती तीनदा परत येते आणि दर वेळी तिच्यावर काहीतरी गुदरलेलं असतं. आणि शेवटी आग लागते. दोन्ही हात धावतात, पडतात, उठतात, आणि संपतं. मी तिथंच ठरवलं की हे पत्रक आहे. शब्द नसलेलं पत्रक. तुम्ही म्हणालात, "असेल. पण आधी ऐका."

तुमचे रविवार असे सुरू झाले. सकाळी चर्चमध्ये ऑर्गन, दुपारी झोप, आणि चार वाजता तुमच्या बाहेरच्या खोलीत आम्ही सातजण. तुम्ही, तुमच्या पत्नी मार्थाकाकू, कॉलेज रोडचे दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस, देवळाली कॅम्पच्या पेरीनबाई, ज्यांचा पियानो तुम्ही दर सहा महिन्यांनी सुरात लावायचात, मी, आणि कचरूभाऊ.

कचरूभाऊ लासलगावच्या बाजारात कांद्याच्या लिलावाची बोली पुकारायचे. त्यांना तुम्ही कुठून आणलंत ते सगळ्यांना सांगायचात. मनमाडला जाताना लासलगावला उतरलात, बाजारात शिरलात, आणि तिथंच उभे राहिलात. "हा माणूस सकाळी ज्या सुरात पहिल्या ट्रॅक्टरची बोली सुरू करतो, दुपारी शेवटच्या ट्रॅक्टरला त्याच सुरात असतो. आमचा ऑर्गन एवढा टिकत नाही." रविवारी बाजार बंद. कचरूभाऊ एसटीनं सीबीएस स्टँडवर उतरून चालत यायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि डोळे मिटून बसायचे. डॉक्टरांना वाटायचं झोपले.

आणि नियम. तुमचे नियम आप्पांच्या नियमांपेक्षा कडक होते. नऊ मिनिटांची ती एकच रचना, वेगवेगळ्या वादकांची. कॅसेटवरची नावं मार्थाकाकू आधीच पांढऱ्या कागदानं झाकून वर आकडे लिहायच्या. कोण वाजवतंय हे तुम्हालाही माहीत नसायचं. नवी कॅसेट आली तर तुम्हीही ती आमच्यासोबतच पहिल्यांदा ऐकायचात. ऐकताना बोलायचं नाही. ऐकून झालं की चिठ्ठीवर आकडा लिहायचा, घडी घालायची, बिस्किटाच्या डब्यात टाकायची. सर्वांत लहान असेल त्यानं मोजायचं. म्हणजे मी. मोजणी झाली की मार्थाकाकू कागद काढून नावं वाचायच्या आणि मग चहा आणि भांडण.

त्या रविवारी पाच कॅसेट होत्या. पाचही मला आजही पाठ आहेत.

एक नंबर फार जुनी ध्वनिमुद्रिका, पाऊस पडत असल्यासारखी खरखर. त्या म्हाताऱ्याचा डावा हात उजव्याच्या आधी पोचायचा, जणू बातमी आधीच कळली होती. दोन नंबर शांत. ती लंगडती सुरावट तो इतकी जपून वाजवायचा, की कुणी झोपलेल्या माणसाला ओलांडून चाललंय असं वाटावं. तीन नंबर कोरडी. पेडल जवळजवळ नाहीच. प्रत्येक सूर सुटा, काही लपवायला जागा नाही. मला वाटलं, हिशेबनीस आहे. पाच नंबर कुठल्याशा स्पर्धेत जिंकलेला पोरगा, घासून पुसून लावलेल्या भांड्यांसारखा लख्ख आणि तेवढाच रिकामा.

आणि चार नंबर. ती कॅसेट पेरीनबाईंनी त्याच दिवशी आणली होती. त्यांच्या भाच्यानं घरच्या टेपवर कुठूनशी उतरवून दिलेली. चार नंबर सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. सूर धारदार, चाल घाईची. सुस्कारे होते, पण दात आवळून टाकलेले. शेवटच्या आगीत तर हा माणूस वाजवत नव्हता, पळत होता, आणि मागे कुणीतरी होतं. माझ्या मुठी आवळल्या होत्या. मी चिठ्ठीवर चारचा आकडा इतका दाबून लिहिला की कागद फाटला.

चिठ्ठ्या डब्यात पडल्या. तेव्हा कचरूभाऊ हळूच म्हणाले, "पोरी, ह्ये दोन अन् चार येकाच घरातले हाय बरं का."

मी म्हणाले, "भाऊ, एकाच घरात भावाभावांत किती फरक असतो ते बघा ना."

"भाऊ नाय म्हनत मी. खुर्ची..."

"थांबा हो, मोजते आहे."

डॉक्टर हसले. मी मोजायला लागले. चार. चार. तीन. चार. चार. सातांपैकी चार मतं झाली. बहुमत! मी डब्याचं झाकण लावलं आणि जाहीर केलं, "चार नंबर!" डब्यात दोन चिठ्ठ्या राहिल्या होत्या. त्यांनी निकाल बदलणार नव्हता.

तुम्ही माझ्या हाताकडे पाहत होतात, सर. झाकण लागलं तेव्हा तुमची नजर तिथं होती. मला ते अजून दिसतं.

मार्थाकाकूंनी कागद काढले. तीन नंबर कुणी बाई निघाली, तिकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. दोन नंबर जगातला बडा वादक, सोनेरी अक्षरांत नाव, खाली मोठ्या कंपनीचा शिक्का. चार नंबरच्या कॅसेटवर मात्र वादकाचं नावच नव्हतं. पेरीनबाई म्हणाल्या, "माझ्या भाच्याला पण नाय माहीत, डिकरी. कोण हशे कोण जाणे."

बस्स. मला आणखी काय हवं होतं? एकीकडे नाव, कंपनी, सोनेरी अक्षरं. दुसरीकडे एक अनाम माणूस. मी पत्रकांवर वाढलेली. पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. आठवड्यात मी लेख लिहिला, 'नावाचा पियानो आणि बिननावाचा'. आप्पा पत्रकांसोबत काढायचे त्या आमच्या चौपानी अंकाच्या पहिल्या पानावर त्यांनी तो छापला. मी लिहिलं की दोन नंबर दिवाणखान्यातला नोकर आहे, त्याला मालकाची झोप मोडायची नाही. मी लिहिलं की नामवंताला नऊ मिनिटं लागतात कारण त्याला वेळ आहे, आणि अनामाला साडेआठच मिनिटं लागतात कारण त्याच्या दारावर थाप पडली आहे. आणि शेवटी लिहिलं की आपल्या गावात काही भले गुरुजन आहेत, ते आपल्याला ऐकायला शिकवतात, पण ते शिकवता शिकवता मोठ्या नावांपुढे मान तुकवायलाही शिकवतात.

ते तुम्ही होतात. सगळ्यांना कळलं. कळावं म्हणूनच मी लिहिलं होतं.

तो अंक गाजला. गावातल्या एका वाचनालयात याच रचनेवर तुमचं व्याख्यान ठरलेलं होतं. मंडळींनी तुम्हाला विचारलं, तुमच्याऐवजी त्या मुलीला बोलवलं तर चालेल का? तुम्ही हो म्हणालात. मी गेले. सभागृह भरलेलं होतं. मी दोन नंबर लावला, मग चार नंबर लावला, आणि टेबलावर मूठ आपटून विचारलं, "ऐकलात फरक?" सभागृहानं टाळ्या वाजवल्या. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. तुम्हीही वाजवल्यात. नंतर जवळ येऊन म्हणालात, "चांगलं बोललात. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता."

मी ते कौतुक समजून घरी नेलं. नऊ वर्षं जपलं.

यंदा मी दोन नंबरची सीडी विकत घेतली. चार नंबरची कॅसेट माझ्याकडेच होती, पेरीनबाईंनी व्याख्यानानंतर भेट दिलेली. एका मित्रानं दोन्ही कॉम्प्युटरवर चढवल्या. त्याला संगीतातलं काही कळत नाही, म्हणून त्यानं सरळ प्रश्न विचारला, "हे दोन्ही एकच नाहीत का? हे जरा पळतंय फक्त." त्यानं चार नंबर थोडा मंद केला आणि दोन नंबरवर ठेवला. सर, एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. श्वासावर श्वास. पेरीनबाईंच्या भाच्याचा टेप मंद फिरत होता, म्हणून उतरवलेली कॅसेट आपल्या टेपवर जलद वाजत होती. माझा अनाम क्रांतिकारक म्हणजे सैल झालेला रबरी पट्टा. दारावरची थाप म्हणजे तो पट्टा. ती तीस सेकंदंही त्या पट्ट्यानंच खाल्ली होती.

मी त्या दिवशी जेवले नाही. पण लाज नंतर आली. आधी आला तो तुमचा चेहरा. फीत जलद फिरली तर सूरही चढतो. रचना पांढरी पाचची, आणि ती अख्खी काळी चारात, म्हणजे अर्धा सूर वर, वाजत होती. ते मला ऐकू आलं नसेल, डॉक्टरांना आलं नसेल. पण तुम्ही? देवळालीच्या बंगल्यांमध्ये तुम्ही स्वरकाटा न लावता, नुसत्या कानानं पियानो सुरात आणायचात. स्वयंपाकघरात भांडं पडलं तर त्याचा सूर सांगायचात. तुम्हाला पहिल्याच ओळीला कळलं होतं. तरी तुम्ही तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात.

मी दवाखान्यात आले ती भेटायला नाही, जाब विचारायला. वाक्यं पाठ करून आले होते. तुमच्या नाकात नळी होती. मला पाहून तुम्ही हसलात, "पत्रकवाल्या. काय ऐकताय सध्या?"

मी म्हणाले, "काही नाही."

तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "ऐकत चला." मी म्हटलं, बरे होऊन घरी आला की भांडू. तुम्ही घरी आला नाहीत. आपलं शेवटचं बोलणं हे असं. माझ्या बाजूनं 'काही नाही'.

आता पुढचं. हे तुम्हाला माहीत असायला हवं, कारण त्यात तुमचाच हात आहे.

गेल्या आठवड्यात मार्थाकाकूंनी बोलावलं. बाहेरच्या खोलीत बुटांचं खोकं ठेवलेलं. "तुझ्यासाठी काढून ठेवलंय म्हणाले होते." आत पाकिटं. प्रत्येक रविवारचं एक. तुम्ही आमच्या सगळ्या चिठ्ठ्या जपल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. त्या रविवारचं पाकीट मी पाहताच ओळखलं, कारण माझी फाटलेली चिठ्ठी बाहेर डोकावत होती. पाकिटात पाच चिठ्ठ्या उलगडलेल्या होत्या. दोन तशाच, घडी घातलेल्या. नऊ वर्षं कुणी हात लावला नव्हता. तुम्हीसुद्धा नाही.

पहिली उघडली. वेडीवाकडी पेन्सिल, एक अक्षर मोठं, एक लहान. 'दोन चार येकच. खुर्ची.'

दुसरी उघडली. तुमचं अक्षर. प्रूफाच्या कडेला असायचं तसं, बारीक आणि सरळ. 'क्र. २ व ४ एकच वादन. ४ ची फीत चढलेली, काळी चारात वाजते. ४ ची मते बाद समजावीत.'

मी दोन्ही चिठ्ठ्या फरशीवर शेजारी शेजारी मांडल्या.

म्हणजे तुम्ही सांगितलं होतं. नियमानं, सगळ्यांसारखं, डब्यातून. सांगितलं होतं त्या पोरीला, जी मोजायला बसली होती आणि जिंकल्याबरोबर मोजायची थांबली होती.

मी लगेच लासलगावची एसटी पकडली. कचरूभाऊंचा आवाज आता बसलाय, बोली दुसरे पुकारतात, ते बाजारात गेटजवळ खुर्ची टाकून बसतात. तुमच्या मातीला ते पहिल्या रांगेत होते, मी त्यांच्याशी तेव्हाही बोलले नव्हते. मी चिठ्ठी पुढे धरली. त्यांनी ती लांब धरून वाचली आणि हसले.

"आता उघडली व्हय? लय लवकर."

"भाऊ, खुर्ची म्हणजे काय?"

"अगं शेवटाला त्यो दौड लावतो ना, त्येच्या आधी त्येची खुर्ची वाजती. कर्र. दोन नंबरात वाजली. मंग चार नंबरातबी तिथंच वाजली. आता दोन मान्सं, दोन गावं, अन् खुर्ची येकाच जागी कशी वाजन?"

"मग तुम्ही मोठ्यानं का नाही सांगितलं?"

"सांगत व्हतो की. तू म्हनली, थांबा मोजते." ते टोपी मांडीवर ठेवून बसले होते, तुमच्या घरी बसायचे तसेच. "मंग तुझा त्यो कागुद आला. मी सरांना म्हनलं, सर, पोरीला सांगू का? फजिती होईल तिची. सर म्हनले, नाय कचरू. डबा तिच्या हातात हाय. ज्याच्या हातात डबा त्यानं उघडायचा."

"आणि व्याख्यानाच्या दिवशी?"

"तव्हाबी इचारलं. तव्हा सर काय बोलले नाय." कचरूभाऊंनी मांडीवरची टोपी उलटी केली. "त्या दिवशी त्यांचं बी चुकलंच. मी म्हनलं त्यांना तसं."

सर, कामगाराचा कान, कष्टकऱ्याचा कान, यावर मी आजवर किती पानं लिहिली असतील? आणि तो कान माझ्या शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसला होता, खरं बोलत होता, आणि मी त्याला म्हणाले, थांबा. त्याला गप्प केलं ते मालकानं नाही. मी केलं.

हे मी मान्य करते. मोठ्या टायपात मान्य करते. पण तुम्हाला सोडत नाही. डबा माझ्या हातात होता, कबूल. पण तुम्हाला तोंड होतं. माझं वय एकोणीस होतं, सर. तुमच्या विद्यार्थ्याची बोटं चुकीच्या पट्टीवर पडली तर तुम्ही नऊ वर्षं वाट पाहायचात का? का मी तुमच्यावर लिहिलं ते लागलं होतं? लागलं असेल तर तसं म्हणायचं. मी माफी मागितली नसती कदाचित, पण भांडण तरी खरं झालं असतं. तुम्ही मला दर रविवारी चहा दिलात, बिस्किट दिलंत आणि माझी चूक माझ्यासमोर पाकिटात बंद करून कपाटात ठेवलीत. याला धीर म्हणतात की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काही दिवस एक वाटतं, काही दिवस दुसरं. आज शिक्षा वाटतंय.

आणि तरीही मला ऐकायला कुणी शिकवलं? मी त्या खिडकीबाहेर उभी राहिले असते जन्मभर, अर्धंच ऐकत. तुम्ही दार उघडलंत. त्यासाठी मी ऋणी आहे, आणि हे लिहिताना दात आवळूनच लिहिते आहे.

आप्पांचं मशीन भंगारात गेलं, आता अंक ऑफसेटवर निघतो. पण मी जुना अंक समोर ठेवून मापं घेतली. हा मजकूर त्याच पानावर, तेवढ्याच टायपात जातो आहे. दुरुस्ती अशी: त्या लेखातला नामवंत आणि अनाम हे एकाच माणसाचे दोन्ही हात होते. ज्या गुरुजनांवर मी मान तुकवण्याचा आरोप केला, त्यांनी नाव न बघता आणि नाव न घेता खरं लिहून दिलं होतं. मोजणारी मी होते. मी पूर्ण मोजलं नाही.

आणि एक राहिलं. पाकीट बंद करताना मी मतं पुन्हा मांडली. चार नंबरची चार मतं तुमच्या सूचनेप्रमाणे बाद. तुमची आणि कचरूभाऊंची चिठ्ठी कुणाला मत देतच नव्हती. उरलं एक. तीन नंबर. ती कोरडी, हिशेबनीस म्हणून मी मोडीत काढलेली बाई. तिला मत मार्थाकाकूंचं होतं. म्हणजे त्या रविवारी खरं तर ती जिंकली होती, आणि त्यानंतर आपण तिला एकदाही लावलं नाही. ना मी, ना तुम्ही.

मी मार्थाकाकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तीनच सरस, मला तेव्हाच माहीत होतं. तुम्ही सगळे दोन नि चारवर भांडत होतात. मी भजी तळत होते."

"तुम्ही पण बोलला नाहीत!"

"मला कुणी विचारलं?"

रविवारी चार वाजता गेले. टेप तोच, पट्टा मी नवा बसवून घेतला होता. तीन नंबर लावला. ती बाई सुरुवातीची ओळ वाजवते तेव्हा घसा साफ करत नाही, सरळ बोलायला लागते. लंगडती सुरावट तिच्याकडे लंगडतच येते, ती तिला आधार देत नाही. शेवटी आग लागते तेव्हा प्रत्येक सूर जळताना वेगळा दिसतो. मला मुठी आवळाव्याशा वाटल्या नाहीत. मला तुमच्याकडे वळून बघावंसं वाटलं, आणि मी बघितलं, खुर्ची रिकामी होती.

संपल्यावर मार्थाकाकूंनी डबा आणला, दोन कागद फाडले, एक मला दिला. आम्ही एकमेकींकडे पाठ करून लिहिलं, घडी घातली, टाकलं.

आता सर्वांत लहान मीच होते. दोनच चिठ्ठ्या होत्या. मी दोन्ही उघडल्या.